‘बाई, बरोबर आहे का?’ : माझ्या शिकवण्यामागचा विचार

पाटीपेन्सिल

गणिताच्या वर्गात सगळ्यात जास्त वेळा ऐकू येणारं वाक्य म्हणजे ‘बाई, बरोबर आहे का?’ उदाहरण सुटतं, वही पुढे येते आणि मुलाची नजर माझ्या चेहऱ्यावर खिळते. माझी भुवई जरा वर गेली की लगेच खोडरबर निघतं, काय चुकलं ते न बघताच. शिक्षणाबद्दल माझं जे काही मत तयार झालंय ते या एका वाक्याभोवती. या चर्चामंचावर बरेच शिक्षक आहेत, पालक आहेत, मोठेपणी काहीतरी नव्याने शिकणारेही आहेत, म्हणून सविस्तर लिहितेय.

माझं म्हणणं असं, की आपलं काम आपल्याला तपासता येणं ही शाळेने मुलाच्या हाती द्यायची सर्वांत मोलाची गोष्ट आहे. विषयाचं ज्ञान हवंच, त्याशिवाय तपासणार कशाच्या जोरावर? पण आपल्याला काय येतं आणि काय येत नाही हे ज्याला दुसऱ्याने सांगितल्याशिवाय कळत नाही, त्याचं शिकणं शेवटच्या परीक्षेबरोबर थांबतं. पुढे वही तपासणारं कुणी नसतंच. युनेस्कोचा १९७२ चा, एडगर फोर यांच्या आयोगाचा अहवाल आयुष्यभराच्या शिक्षणाची भाषा बोलतो. युनेस्कोच्याच १९९६ च्या डेलॉर अहवालाने जाणणं, करणं, एकत्र राहणं आणि माणूस म्हणून घडणं असे शिक्षणाचे चार स्तंभ मांडले. दोन्हींतला विचार मला पटतो. पण उद्या सकाळी पहिल्या तासाला वर्गात जाऊन त्याची सुरुवात कशी करायची? मी ती तपासण्यापासून करते.

एक नेहमीचं उदाहरण घ्या. १/२ + १/३ = २/५. वरचे अंक वरच्यात मिळवले, खालचे खालच्यात. लाल फुली मारली तर मूल पुढच्या वेळी छेद समान करेल, पण बाईंना तसं लागतं म्हणून. त्याऐवजी मी विचारते, ‘२/५ अर्ध्याहून मोठा की लहान?’ लहान. ‘आपण सुरुवात कशापासून केली?’ अर्ध्यापासून. ‘मग त्यात भर घातली ना?’ इथे बहुतेक मुलं स्वतःच थबकतात. अर्ध्यात भर घातली आणि अर्ध्याहून कमी आलं, असं कसं होईल? छेद समान करायची रीत अजून आठवलेली नसते, पण उत्तर चुकलंय हे त्या मुलाला माझ्याकडे न बघता कळलेलं असतं. माझ्या दृष्टीने त्या तासाचं सार्थक तिथेच झालं. रीत मग पाच मिनिटांत येते आणि टिकतेही, कारण आता तिची गरज पटलेली असते.

दशांशाचंही तेच. ०.२५ मोठे की ०.३? कितीतरी मुलं ०.२५ म्हणतात, कारण २५ हे ३ पेक्षा मोठे. ही मुलं निष्काळजी नसतात. पूर्ण संख्यांमध्ये वर्षानुवर्षं खरा ठरलेला नियम ती प्रामाणिकपणे पुढे नेत असतात. अशा चुकीमागे विचार असतो आणि तो ऐकून घेतला तर शिकवायचं कुठून ते समजतं. म्हणून ‘हे तू कसं काढलंस?’ हा प्रश्न मी बरोबर उत्तरालाही विचारते. फक्त चुकलेल्यालाच विचारला की तो प्रश्न म्हणजे शिक्षा, हे मुलं दोन दिवसांत ओळखतात.

आता दुसरा भाग, जो मोठ्यांनाही तितकाच लागू आहे. आपल्याला येतंय असं वाटणं आणि खरंच येणं, या दोहोंत मोठी दरी असते. अमेरिकेतल्या रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांचा २००६ चा प्रयोग मी दरवर्षी मुलांना सांगते. विद्यार्थ्यांनी दोन उतारे वाचले. मग एक उतारा पुन्हा वाचला आणि दुसऱ्यातलं कागद मिटून आठवेल तेवढं लिहिलं. काहींना पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा पुन्हा वाचलेला उतारा पुढे होता, ८१ टक्के विरुद्ध ७५. दुसऱ्या काहींना आठवड्याने विचारलं तर पारडं फिरलं, पुन्हा वाचलेलं ४२ टक्के आठवलं आणि आठवून लिहिलेलं ५६ टक्के. त्याच संशोधनातल्या दुसऱ्या प्रयोगाने मी जास्त अस्वस्थ होते. नुसतं पुन्हापुन्हा वाचणाऱ्यांनाच आपल्या लक्षात राहील याची खात्री अधिक होती! ओळखीचं वाटणारं पान आपल्याला फसवतं. जर्मन मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउसने १८८५ मध्ये स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं होतं की शिकलेलं आधी भराभर आणि मग सावकाश विसरतं. म्हणजे विसरणं हा कुणाचा दोष नाही. आपण काय विसरलो हे वेळेवर कळण्याची सोय मात्र करून ठेवावी लागते, आणि पुस्तक मिटून आठवणं ही त्यातली सर्वांत साधी सोय. माझा प्रत्येक तास त्यानेच सुरू होतो. वह्या बंद, कालचं आणि मागच्या महिन्यातलं थोडं थोडं लिहायचं, गुण नाहीत, वही मी मागतही नाही.

प्रश्न विचारून थांबणं हे त्याच जातीचं काम. अमेरिकेतल्या शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात विज्ञानाचे तास ध्वनिमुद्रित करून अभ्यासले, तेव्हा प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात असं आढळलं. तोच वेळ तीन सेकंदांवर नेला की उत्तरं लांबतात, ‘माहीत नाही’ कमी होतं आणि मुलं उलट प्रश्न विचारू लागतात. तीन सेकंद ऐकायला काहीच नाहीत. वर्गासमोर उभं राहून गप्प बसून बघा, किती जड जातात ते.

शेवटचं, शिक्षकाने स्वतः शिकण्याबद्दल. मी सध्या संभाव्यता नव्याने शिकतेय, कॉलेजात घोकली होती त्याहून खोलवर. आठवड्यातून एकदा मी वर्गात असं कोडं घेते जे मी आधी सोडवलेलं नसतं. मुलांना ते माहीत असतं. फळ्यावर मी अंदाज बांधते, लहान आकडे घालून बघते, वाट चुकतेय असं दिसलं की मागे येते, आणि हे सगळं मोठ्याने बोलत करते. मोठं माणूस न कळणाऱ्या गोष्टीशी कसं वागतं हे मुलांना एरवी दिसतच नाही. त्यांना दिसतात ती तयार उत्तरं.

तुमचे अनुभव आणि मतभेद दोन्ही वाचायला आवडतील.

चौकस

लेख आवडला. पण व्यवहाराचं बोलू. माझ्या वर्गात साठ मुलं आहेत, तास पस्तीस मिनिटांचा आणि पोर्शन डोक्यावर. ‘हे तू कसं काढलंस’ असं प्रत्येकाला विचारत बसलो तर दिवाळीपर्यंत पहिला धडाही संपणार नाही. ज्या मुलांना मुळात यायला वेळ लागतो ती या पद्धतीत आणखी मागे पडत नाहीत का?

पाटीपेन्सिल

चौकस, माझेही वर्ग मोठेच आहेत. प्रत्येकाला विचारत नाही, शक्यच नाही. एक नेमका प्रश्न सगळ्यांना एकदम देते, उत्तर पाटीवर लिहायला लावते आणि एका इशाऱ्यावर सगळ्या पाट्या वर. कुठे अडलंय ते दहा सेकंदांत दिसतं. प्रश्न निवडण्यात मात्र खरी मेहनत आहे. ‘समजलं का?’ याला साठही मुलं हो म्हणतात. ‘८ + ४ = □ + ५’ यात चौकटीत १२ लिहिणारी मुलं लगेच ओळखू येतात, कारण त्यांच्या लेखी बरोबरचं चिन्ह म्हणजे ‘आता उत्तर लिहा’. हे एकदा दिसलं की पुढे समीकरणांत तेच तेच शिकवण्यात जाणारे आठवडे वाचतात. म्हणजे पोर्शनची काळजी असेल तर हे अधिकच करायला हवं.

मागे पडणाऱ्यांबद्दल विचारलंत ते फार बरं झालं. हात वर करणाऱ्यांनाच उत्तर विचारायची पद्धत त्यांचं सर्वांत जास्त नुकसान करते, वर्ष संपेपर्यंत ती मुलं कुणाला दिसतच नाहीत. पाटी सगळ्यांना वर करावी लागते.

मधली_सुट्टी

वाचनखूण साठवली. पाट्या परत आणायच्या ही कल्पना उद्याच आमच्या मुख्याध्यापकांच्या कानावर घालते.

खालची_ओळ

ताई, तुमचा अनुभव मोठा आहे, तरी एका मुद्द्यावर मी अडलोय. मुलांनी स्वतः शोधावं, स्वतः तपासावं, हे ऐकायला छान वाटतं, पण नवशिक्याकडे तपासण्याची कसोटीच नसते. स्वेलर आणि कूपर यांनी १९८५ मध्ये बीजगणितावर केलेलं काम बघा. सुरुवातीच्या विद्यार्थ्यांना गणितं स्वतः सोडवायला देण्यापेक्षा सोडवून दाखवलेली उदाहरणं अभ्यासायला दिली तर ती कमी वेळात आणि कमी चुका करत शिकली. एका वेळी डोक्यात मोजक्याच गोष्टी धरता येतात. त्यातच शोधायचंही, करायचंही आणि तपासायचंही म्हटलं तर मूल गोंधळणार. मी भौतिकशास्त्र शिकवतो आणि मला स्वच्छ, पायरीपायरीने सांगणं हेच सर्वांत प्रामाणिक शिकवणं वाटतं. ‘मार्गदर्शक’ व्हा, ‘शिकवू’ नका, असं सांगणाऱ्या प्रशिक्षणांचा मला मनापासून कंटाळा आहे.

पाटीपेन्सिल

खालची_ओळ, तुमच्याशी माझं जवळपास काहीच भांडण नाही. मी खूप शिकवते. फळ्यावर पायरीपायरीने सोडवून दाखवते, मोठ्याने. ‘शोधा बघू’ म्हणून मुलांना वाऱ्यावर सोडणं मलाही पटत नाही. त्यात घरून पाठबळ असलेली मुलंच तरतात.

मी म्हणते ते त्यानंतरचं. सोडवलेलं उदाहरण दाखवलं, मग पुढच्यात शेवटची पायरी गाळायची, मग शेवटच्या दोन, असं करत एक दिवस कागद कोरा. वुड, ब्रुनर आणि रॉस यांनी १९७६ मध्ये या आधाराला परांचीची उपमा दिली होती, आणि परांची उतरवायचीच असते. बऱ्याच वर्गांत ती उभीच राहते, असं माझं निरीक्षण आहे. दहावीतलं मूलही पहिली ओळ लिहून ‘पुढे काय?’ म्हणून बघतं.

कसोटीबद्दल तुम्ही म्हणता ते अगदी खरं, नवशिक्याकडे ती नसते. म्हणून तर ती शिकवायची. ऑस्ट्रेलियातले शिक्षणतज्ज्ञ रॉयस सॅडलर यांनी १९८९ मध्ये हे फार नेमकं मांडलं. चांगलं काम म्हणजे काय याची कल्पना शिकणाऱ्याला हवी, आपलं काम त्याच्याशी ताडून बघता यायला हवं, आणि मधलं अंतर कमी करायला काय करायचं ते माहीत हवं. यातलं पहिलं आपण मुलांपासून जवळजवळ लपवूनच ठेवतो. भूमितीची सिद्धता शिकवताना मी तीन वेगवेगळ्या सिद्धता नावं न घालता देते. एक नेटकी, एक बरोबर पण पाल्हाळिक, एक आत्मविश्वासाने लिहिलेली पण मध्ये एक पायरी गळलेली. कुठली पटते आणि का, यावर मुलं कडाकडा भांडतात. त्यानंतर आपली सिद्धता लिहिताना तिसरीतली फट त्यांना आपल्याही वहीत दिसायला लागते. भौतिकशास्त्रात एकक जुळतात का हे बघणं तुम्ही शिकवतच असाल. वेगाचं उत्तर किलोग्रॅममध्ये आलं तर शिक्षक लागतच नाही. मी याच गोष्टीला सर्वांत वर ठेवते, बस.

खालची_ओळ

हे पटलं. एककांचं उदाहरण माझ्याच विषयातलं असून त्याकडे असं कधी पाहिलं नव्हतं. तीन सिद्धतांचा प्रयोग संख्यात्मक उदाहरणांवर करून बघतो.

उशिरा_उगवलेला

मी शिक्षक नाही. निवृत्तीनंतर गाणं शिकायला लागलो. तुमचा ‘वही तपासणारं कुणी नसतं’ हा मुद्दा वाचला आणि थेट माझ्यावरच लिहिलंय असं वाटलं. आठवड्यातून दोनदा शिकवणी, बाकीचे दिवस मी एकटा. सुरुवातीला रियाजात तासन्‌तास चुकीचाच सूर पक्का होत होता, कारण गाताना आपला आवाज आपल्याला बरोबरच वाटतो. मग बाईंनी सांगितलं की रेकॉर्ड करा, पण लगेच ऐकू नका, दुसऱ्या दिवशी ऐका. फरक जमीनअस्मानाचा. दुसऱ्या दिवशी ऐकताना कान परका होतो. आता कुठे सूर खाली येतोय ते शिकवणीला जायच्या आधीच मला माहीत असतं, आणि शिकवणीचा वेळ तिथेच जातो जिथे मला खरंच कळत नाही.

एक प्रांजळ शंका. वयामुळे स्मरणशक्ती कमी पडते का? लहानपणी एकदा ऐकलेलं राहायचं, आता बंदिश चार दिवसांत निसटते.

पाटीपेन्सिल

तुमचा प्रतिसाद माझ्या लेखापेक्षा चांगला आहे, मनापासून सांगते. ‘दुसऱ्या दिवशी ऐका’ हे मी मुलांच्या निबंधांना लावणार आहे.

वयाबद्दल. नवं पटकन साठवण्याचा वेग वयानुसार कमी होतो, हे खरं. पण मेंदू बदलायचा थांबत नाही. लंडनच्या टॅक्सीचालकांना शहरातले हजारो रस्ते पाठ करून कठीण परीक्षा द्यावी लागते. एलेनॉर मॅग्वायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली अशा चालकांच्या मेंदूतला जागा लक्षात ठेवणारा भाग तपासला, तेव्हा त्याचा मागचा हिस्सा इतरांपेक्षा मोठा निघाला. हे सगळे प्रौढपणी शिकलेले लोक. आणि मोठ्या माणसाजवळ एक गोष्ट असते जी मुलांजवळ नसते, ती म्हणजे आधीचं ज्ञान. नवी बंदिश तुम्ही ऐकून माहीत असलेल्या कितीतरी गाण्यांना जोडू शकता. निसटते म्हणालात तर ती पूर्ण निसटायच्या आत, पण थोडी पुसट झाल्यावर, न ऐकता आठवून म्हणून बघा. कष्ट पडतील. ते कष्टच उपयोगाचे.

आकडेमोड

एक विरोधी सूर. ‘गुण नाहीत’ हे वाचून जरा काळजी वाटली. मी मोठ्या परीक्षांच्या कामात असतो. गुण नसले तर वशिला येतो. ज्याच्या मागे कुणी नाही अशा मुलाला परीक्षेचा आकडाच तारतो, कारण आकड्याला तो कुणाचा मुलगा हे माहीत नसतं. शिवाय उद्या माझ्यावर शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरने स्वतःला तपासून उत्तम ठरवलेलं मला चालणार नाही, बाहेरून कुणीतरी तपासलेलं हवं.

पाटीपेन्सिल

आकडेमोड, परीक्षा बंद करा असं मी म्हटलेलं नाही आणि म्हणणारही नाही. वशिल्याचा मुद्दा शंभर टक्के मान्य. बाहेरचा तपासणारा हवाच. पण शस्त्रक्रिया चालू असताना तो परीक्षक तिथे उभा नसतो, आणि पदवीनंतरच्या तीस वर्षांत वैद्यकशास्त्र कुठल्या कुठे जातं. आपलं कुठे जुनं झालंय हे ओळखणारा डॉक्टर मला हवा आहे.

माझा आक्षेप शिकण्याच्या मधोमध येणाऱ्या आकड्याला आहे. रूथ बटलर यांनी १९८८ मध्ये शालेय मुलांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध आहे. काहींना नुसते गुण, काहींना नुसता शेरा, काहींना दोन्ही. पुढच्या कामात सुधारणा आणि गोडी दिसली ती नुसता शेरा मिळालेल्यांत. दोन्ही मिळालेली मुलं नुसते गुण मिळालेल्यांसारखीच वागली, म्हणजे आकडा दिसला की शेरा वाया गेला. रात्री जागून शेरे लिहिणाऱ्या सगळ्या शिक्षकांनी हे एकदा वाचावं. मी आता आधी शेरा देते, मुलं त्यावर काम करतात, आकडा नंतर.

आकडेमोड

क्रम बदलण्याला माझा विरोध नाही. मात्र मुलांना आकडा ‘नंतर’ मिळणार हे माहीत असतं, तेव्हा ती शेरा वाचतात की फक्त वाट बघतात, हे तुम्ही जवळून पाहिलं असेल तर लिहा.

पाटीपेन्सिल

सुरुवातीला वाटच बघतात. म्हणून शेऱ्यात उत्तर नसतं, काम असतं. ‘चौथ्या ओळीत एक गृहीतक लपलंय, शोध’ किंवा ‘पाचातली दोन उत्तरं चुकलीत, कुठली ते तू सांग’. ते केल्याशिवाय पुढे सरकत नाही. यातला दुसरा शेरा मुलांना फार आवडतो.

घरचा_अभ्यास

पालक म्हणून विचारते. मुलगी नववीत आहे. शिक्षक म्हणतात की ती ‘दृश्य’ प्रकारे शिकणारी आहे, चित्रं, तक्ते वापरा. घरी काय करावं? आणि हल्ली ती प्रत्येक अडलेला प्रश्न फोनवरच्या यंत्राला विचारते, तेही पायऱ्यांसकट उत्तर देतं. यात वाईट काय, असं ती विचारते आणि मला उत्तर सुचत नाही.

पाटीपेन्सिल

चित्रं, तक्ते जरूर वापरा, ते सगळ्यांनाच उपयोगी पडतात. पण मुलांचे बघून शिकणारे, ऐकून शिकणारे असे प्रकार पाडून त्यानुसार शिकवलं की जास्त येतं, याला पुरेसा आधार सापडत नाही. पॅशलर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये या विषयावरचं संशोधन तपासून हाच निष्कर्ष काढला. तुमच्या मुलीला ‘मी अमुक प्रकारची’ असा शिक्का बसू नये एवढं बघा. नववीत असे शिक्के पक्के चिकटतात.

फोनबद्दल तिला बंदी घालू नका, आधी स्वतःचा प्रयत्न कागदावर लिहायला सांगा, अर्धवट का असेना. मग यंत्राचं उत्तर बघायचं आणि आपलं कुठे वेगळं झालं त्याखाली रेघ मारायची. यंत्रही अगदी ठामपणे चुकतं, तेव्हा त्याची चूक पकडायचा खेळ लावा तिला. एक दिवसाने तोच प्रश्न फोन बाजूला ठेवून. तेव्हा सुटला तर यंत्राने तिला शिकवलं असं मी मानेन. नाही सुटला तर ते काम यंत्रानेच केलं होतं, हे तिला तुम्ही सांगायची गरज पडणार नाही. आणि घरी आल्यावर ‘किती मिळाले?’च्या आधी ‘आज काय कळलं नाही?’ असं विचारा. पहिले काही दिवस ती गोंधळेल, उत्तर द्यायला वेळ घेईल. थांबा तेवढं.

मधली_सुट्टी

मुख्याध्यापकांशी बोलले. सहावीच्या दोन तुकड्यांना पाट्या मिळतायत. पाटीपेन्सिलताई, पहिल्या आठवड्यासाठी दशांशावरचे आणि बरोबरच्या चिन्हावरचे चार-पाच प्रश्न इथेच द्याल का?

पाटीपेन्सिल

देते. दशांशासाठी: ०.४ आणि ०.३९ यांत मोठं कोणतं? ०.५ आणि ०.५० यांत? ०.६ आणि ०.७ यांच्या मध्ये येणारी एक संख्या लिहा (‘एकही नाही’ असं लिहिणारी मुलं नीट बघून ठेवा, पुढचा तास त्यांच्यासाठीच घ्यायचा). चिन्हासाठी: ७ + ६ = □ + ४, आणि १५ = □ + ९, यात बेरीज उजवीकडे आल्यावर काही मुलं ‘गणित उलटं लिहिलंय’ म्हणतात. उत्तर बरोबर आलं तरी पाट्या खाली ठेवायच्या आधी शेजाऱ्याला कारण सांगायला लावा. आठवड्याने काय दिसलं ते नक्की लिहा, विशेषतः चुकलेली उत्तरं.